बोंजूची पावती

सेंत ओदील बेटावर जहाजातून उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला धक्क्यावर एक माहितीपुस्तिका मोफत देण्यात येते. पाने सोळा. नळाचे पाणी प्यावे की नाही, इथला प्लग दोन काड्यांचा की तीन, समुद्रकाठच्या कोणत्या झाडाखाली पावसात उभे राहिल्यास अंगाला फोड येतात, गुरुवारी दुपारी पोस्ट का बंद असते, अशी सगळी उपयुक्त माहिती तीत आहे. (पोस्टाचे कारण खुद्द पोस्टमास्तरांनाही ठाऊक नसल्यामुळे तिथे ‘स्थानिक परंपरा’ असे छापले आहे.) ही पुस्तिका मी लिहिली. माझे नाव एव्हारिस्त प्लासीद. पर्यटक माहिती कक्षात मी चौदा वर्षे हंगामी साहाय्यक होतो. एकच हंगाम चौदा वर्षे चाललेला दुसरा माणूस आमच्या बेटावर नाही. पुस्तिकेच्या नवव्या पानावर, प्लग आणि फोड यांच्या मधोमध, मी एक ओळ घातली. त्या ओळीमुळे पुढे जे झाले त्याचा हा खुलासा.

ओळ का घातली ते आधी सांगतो, म्हणजे उगाच सगळे खापर माझ्या डोक्यावर फुटायला नको.

धक्क्यावर बदामाच्या झाडाखाली मा तितीनची टपरी होती. गरम कोकोचा चहा आणि खारवलेल्या माशाची भजी, ज्यांना आम्ही अक्रा म्हणतो, एवढेच तिथे मिळायचे. मा तितीन माझी नेनेन. म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मला हातात धरून उभी राहिलेली बाई. आईच्या खालोखाल मान तिचा, आणि आई गेल्यापासून सगळा मान तिचाच. वय चौऱ्याहत्तर. नजर शाबूत, कान शाबूत, जीभ त्या दोन्हींपेक्षा शाबूत.

तिचा नियम एकच, आणि तो खरे तर अख्ख्या बेटाचाच आहे. माणसाने माणसाला आधी बोंजू (हा आमचा नमस्कार) म्हणायचे, मग काय ते काम काढायचे. बसमध्ये चढलात की सगळ्या बसला बोंजू. दवाखान्यात शिरलात की कण्हणाऱ्यांना बोंजू. न म्हणणाऱ्याला बाकीचे लोक निदान डोळे वटारून का होईना, उत्तर देतात. नेनेन देत नाही. ती समुद्राकडे बघते. गिऱ्हाईक समोर उभे, पैसे पुढे केलेले, आणि नेनेन त्याच्या खांद्यावरून क्षितिजाकडे बघत बसते, जणू तिकडून एखादे वळण लागलेले माणूस यायचे आहे.

“अगं नेनेन, त्यांच्यात पद्धत नसेल,” मी म्हणायचो.

“त्यांच्यात आई नसते का?”

“असते गं. पण घाई असते ना त्यांना.”

“मग रात्री आम्ही एकाच चादरीत झोपलो होतो का, म्हणून सकाळी तोंड उघडायला नको? जा मेल्या, तुझं ऑफिस उघड. मला शिकवू नकोस.”

आता आमच्या कक्षात एक तक्रारवही असते. नियम असा की एका हंगामात एकाच टपरीविरुद्ध तीन तक्रारी आल्या, तर ती टपरी ‘पर्यायी जागी’ हलवायची. पर्यायी जागा म्हणजे दफनभूमीच्या मागचा मोर्न सेक डोंगर. तिथे बकऱ्यासुद्धा मनाविरुद्ध जातात. जानेवारीत नेनेनविरुद्ध पहिली तक्रार आली: ‘दोन चहा चार वेळा मागितले, विक्रेती समुद्र तपासत होती.’ फेब्रुवारीत दुसरी आली. एका बाईंनी तिला शौचालय कुठे आहे असे विचारले होते. त्यांच्या शेऱ्यात पाच उद्गारचिन्हे होती, आणि त्या बाईंना नंतर धावताना मी स्वतः पाहिल्यामुळे त्यातले एकही जास्त होते असे मला म्हणवत नाही.

तिसरी तक्रार आली की नेनेनची एकेचाळीस वर्षांची टपरी डोंगरावर.  नेनेन बदलणार नव्हती, तेव्हा पाहुणेच बदलायला हवे होते. म्हणून मी पुस्तिकेत घातले: ‘बेटावर कोणालाही काहीही विचारण्यापूर्वी बोंजू म्हणावे. उत्तर मिळेपर्यंत थांबावे.’

मला वाटले, सुटलो. सरकारी नोकरीत एखादी गोष्ट इतकी सोपी वाटू लागली की माणसाने त्याच दिवशी दीर्घ रजा टाकावी. मी टाकली नाही.

पुढच्या बुधवारी जहाज आले. अठ्ठावीसशे पाहुणे उतरले, आणि दुर्दैवाने या वेळी सगळ्यांनी पुस्तिका वाचली होती.

बोंजू हा नुसता शब्द नसतो हे मी पुस्तिकेत लिहायला विसरलो होतो. आम्हांला कोणी बोंजू म्हटले की आम्ही उलट बोंजू म्हणतो, मग सकाळी उठताना कसे वाटले ते विचारतो, मग गुडघा, मग आई. त्यापेक्षा कमी केले तर तो अपमान समजतात. पाहुण्यांनी कस्टमच्या अधिकाऱ्याला अठ्ठावीसशे बोंजू म्हटले. त्याने पहिल्या सहाशे आयांची चौकशी केली, आणि दहाच्या सुमारास त्याचा घसा बसला. रमच्या दुकानापुढे डोमिनो खेळणाऱ्या मंडळींपैकी एकाने सोंगटी आपटायला उचललेला हात दुपारी बारा वाजता खाली आला. सहा पाहुणे चौकात पहिल्या गव्हर्नरच्या पुतळ्यापुढे ओळीने उभे होते. त्यांनी बोंजू म्हटले होते, आणि पुस्तिकेत छापल्याप्रमाणे ते उत्तर मिळेपर्यंत थांबले होते.

त्याच दिवशी म्हाताऱ्या ओनोरेची अंत्ययात्रा होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहुणे उभे राहिले आणि शवपेटी समोर येताच एका सुरात बोंजू म्हणाले. आता शोक झाला म्हणून माणूस वळण सोडतो थोडाच? खांदेकऱ्यांनी पेटी कस्टमच्या बाकावर ठेवली आणि उत्तरे द्यायला सुरुवात केली. ओनोरेच्या बायकोने डोळे पुसत पुसत अकरा अनोळखी माणसांना आपण सकाळी कशा उठलो ते सांगितले. पाद्रीबाबा दोनदा बोलावणे धाडून शेवटी स्वतः आले, आणि तेही अडकले.

नेनेन मात्र खूश होती. “आज कसं माणसांत असल्यासारखं वाटतंय रे, एव्हारिस्त,” ती म्हणाली. भजी तिची जेमतेम अकरा ताटे खपली, कारण प्रत्येक गिऱ्हाइकाच्या आईची प्रकृती सविस्तर ऐकायची होती, पण त्याचे तिला काही नव्हते.

जहाज दोन तास उशिरा सुटले. जहाजाच्या एजंटाचे पत्र गुरुवारी आले: असेच होणार असेल तर आमच्यापुढे दुसरी बेटे आहेत. शुक्रवारी आमच्या संचालक लाबोर्द मॅडम यांनी बैठक बोलावली. मॅडम परदेशात प्रशासन शिकून आल्या आहेत आणि तिथून त्यांनी लाल ठिपका पाडणारी एक कांडी आणली आहे. कक्षात पडदा नसल्यामुळे तो ठिपका आमच्या कपाळावर पडतो.

“प्लासीद,” ठिपका माझ्या भुवयांमध्ये रोखून मॅडम म्हणाल्या, “ती ओळ काढून टाका.”

ओळ गेली की तिसरी तक्रार आली. मी घाम पुसला. “मॅडम, नऊ हजार प्रती छापून झाल्यात.”

“मग बोंजूचं काय करायचं? देश थांबला हो बुधवारी.”

“बोंजू बंद करायची गरज नाही, मॅडम. एका ठिकाणी गोळा करता येईल. एक खिडकी. पाहुण्यांनी तिथेच एकदा काय ते म्हणून घ्यायचं, सगळ्यांचं मिळून.”

हे मी बोललो. कोणीही माझ्या तोंडात घातले नव्हते. मॅडमनी कांडी बंद केली आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा मला बसायला सांगितले.

अशा रीतीने मी राष्ट्रीय अभिवादन स्वीकृती अधिकारी (हंगामी) झालो. धक्क्यावर मला खिडकी मिळाली. पाहुण्याने खिडकीशी यायचे, बोंजू म्हणायचे, मी ते राष्ट्राच्या वतीने स्वीकारायचे आणि पिवळी पावती फाडून द्यायची. पावतीवर मजकूर असा: ‘धारकाने आज बेटाच्या समस्त रहिवाशांस बोंजू म्हटले असून ते स्वीकृत करण्यात आले आहे. आईची प्रकृती: विचारली / विचारली नाही (लागू नसेल ते खोडावे).’ पावती दाखवली की त्या दिवसापुरते कोणालाही काहीही थेट विचारता येत होते. पहिल्या बुधवारी मी तोंडाने उत्तरे दिली. दुसऱ्या बुधवारपासून माझ्या वतीने शिक्का उत्तर देऊ लागला.

सगळे सुरळीत झाले. फक्त बदामाच्या झाडाखाली एक टोपीवाला पाहुणा पिवळी पावती हवेत फडकवत उभा होता आणि नेनेन समुद्राकडे बघत होती. मी खिडकी टाकून धावलो.

“नेनेन, अगं, म्हणालेत ते बोंजू! मी स्वतः ऐकलंय.”

“कोणाला म्हणाले?”

“मला. म्हणजे सगळ्यांना. म्हणजे तुलाही, त्यात आलंच की.”

“तुला म्हणाला ना? मग भजीही तूच तळ.”

तक्रारवही माझ्याच खिडकीत लोंबत होती. मी कोट काढला, बाह्या सारल्या आणि भजी तळली. मनगटाला चटका बसला. पाहुणा खूश होऊन गेला, आणि त्या दिवसापासून दर बुधवारी मी खिडकी आणि कढई यांच्यामध्ये धावू लागलो. कधी शिक्क्याला तेल लागायचे, कधी भज्यांना शाई. नेनेन बाजूला स्टुलावर बसून माझ्याकडे बघत असायची. “पीठ जास्त झालंय,” एवढेच म्हणायची. हे असेच चालले असते तरी माझी ना नव्हती.

पण मे महिन्यात एका पाहुण्याने वहीत लिहिले: ‘टॅक्सीवाला मला आपण होऊन बोंजू म्हणाला. त्याच्याकडे पावती नव्हती. हे अधिकृत होते का?’

मॅडमनी हे फार गंभीरपणे घेतले. ठिपका माझ्या कपाळावर थरथरत होता. “म्हणजे प्लासीद, बेटावर बिनपावतीचं अभिवादन सर्रास चालू आहे?”

“मॅडम, तो इथलाच आहे. त्याला पावती कशाला?”

“इथलाच आहे हे पाहुण्याला कसं कळणार? ब्रुकलिनहून सुट्टीला आलेली आपली माणसं आणि पाहुणे यांत तुम्हांला तरी फरक कळतो का?”

कळत नाही हे खरे होते. गेल्याच नाताळात मी माझ्या सख्ख्या चुलतभावाला पुस्तिका दिली होती आणि त्याने ती घेतलीही होती.  परिपत्रक निघाले. धक्क्यापासून चर्चच्या पायरीपर्यंतचा भाग ‘अभिवादन क्षेत्र’ म्हणून घोषित झाला. त्या हद्दीत रहिवासी असो वा पाहुणा, पावतीशिवाय कोणीही कोणालाही बोंजू म्हणू नये. रहिवाशांसाठी वेगळा अर्ज होता: अर्जदाराचे नाव, कोणास बोंजू म्हणावयाचे आहे, त्याच्याशी नाते, बोंजू म्हणण्याचे कारण, अपेक्षित उत्तर, आणि दोन साक्षीदार.

हवालदार फुल्जांस माझा शाळेपासूनचा मित्र. त्याने कारणाच्या रकान्यात लिहिले, ‘समोर आला म्हणून.’ मॅडमनी अर्ज परत पाठवला. शेरा: कारण अपुरे.

“आता काय लिहू रे?” फुल्जांसने खिडकीतून मुंडी आत घालून विचारले.

“काहीतरी भक्कम लिही. प्रशासकीय निकड, असं काहीतरी.”

“माझ्या बायकोला बोंजू म्हणायला प्रशासकीय निकड?”

“साक्षीदार आहेत का?”

“लग्नाला चारशे माणूस होतं.”

“दोन पुरे.”

पहिल्या दिवशी मात्र एकालाही पावती मिळाली नाही. लोक खिडकीशी यायचे आणि सवयीने म्हणायचे, “बोंजू, एव्हारिस्त, एक अर्ज दे.” म्हणजे पावती मिळण्याआधीच नियमभंग. अर्ज बाद. जे कोणी सावध होते ते बोंजू न म्हणता नुसते “अर्ज दे” म्हणायचे. आता मी झालो तरी याच बेटाचा. माझी मान आपोआप वळायची आणि मी समुद्राकडे बघत राहायचो. संध्याकाळपर्यंत रांग चर्चच्या पायरीला लागली होती आणि माझी मान आखडली होती. दुसऱ्या दिवशी मॅडमनी खिडकीवर पाटी लावली: ‘येथे बोंजू म्हणू नये.’ मग काम भराभर होऊ लागले.

भराभर म्हणजे इतके भराभर की ऑगस्टमध्ये लोकांनी अर्ज करणेच सोडून दिले. कोण दोन साक्षीदार गोळा करणार? माणसे एकमेकांसमोर आली की खिसे चाचपत, हसल्यासारखे करत आणि पलीकडच्या फुटपाथला जात. बसमध्ये लोक मूग गिळून बसत. डोमिनोच्या सोंगट्या तेवढ्या आपटलेल्या ऐकू येत. मॅडमनी वहीतल्या नोंदी तपासल्या: बोंजूविषयी तक्रारी शून्य. त्या कुठल्याशा प्रादेशिक पर्यटन परिषदेला गेल्या आणि येताना सोनेरी चौकटीतले मानपत्र घेऊन आल्या: ‘सर्वांत आतिथ्यशील बेट.’ परीक्षकांनी दोन दिवस हिंडून खास नोंद केली होती की इथले लोक कोणालाही विनाकारण त्रास देत नाहीत.

मॅडमनी माझी फाइल मागवली. चौदा वर्षांनी माझ्या नावापुढचा ‘हंगामी’ शब्द कापण्याचा प्रस्ताव तयार झाला. त्यावर फक्त सही व्हायची होती.

“एकच अडचण आहे, प्लासीद,” मॅडम म्हणाल्या. “ती धक्क्यावरची म्हातारी.”

नेनेनने परिपत्रक वाचले होते. तिने त्यात भजी बांधून दिली होती. अभिवादन क्षेत्राच्या ऐन मध्यावर बसून ती येणाऱ्याजाणाऱ्याला खणखणीत आवाजात बोंजू म्हणत होती, बिनपावतीचे, दिवसभर. फुल्जांसला मॅडमनी तीन वेळा पाठवले. तिन्ही वेळा तो गुडघ्याची चौकशी करून घेऊन आणि भजी खाऊन परत आला.

“तिच्याकडून अर्जावर सही घेऊन या,” मॅडमनी मला सांगितले. “तुमची नातेवाईक आहे म्हणे. सही झाली की तिचाही प्रश्न मिटला आणि तुमचाही.”

मी रात्रभर अर्ज भरला. कोणास: सर्वांस. कारण: सांस्कृतिक वारसा जतन. अपेक्षित उत्तर: बोंजू. साक्षीदार म्हणून फुल्जांस आणि मी. एवढा निर्दोष अर्ज आमच्या कक्षात आजवर कोणी भरलेला नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकतो. एका सहीत नेनेनची टपरी वाचणार होती. सकाळी जहाज धक्क्याला लागतच होते, खिडकी उघडायची होती, मॅडम पायरीवर घड्याळ बघत उभ्या होत्या. मी धावत बदामाच्या झाडाखाली गेलो आणि अर्ज तिच्यापुढे धरला.

“नेनेन, इथे सही कर. पटकन.”

नेनेनने कागदाकडे बघितले नाही. माझ्याकडेही बघितले नाही. ती समुद्राकडे बघू लागली.

“नेनेन! अगं, तुझ्याचसाठी करतोय ना? कर ना सही!”

 कढईत तेल तडतडत होते. मला वाटले हिला झाले तरी काय, म्हातारपणाचा हट्ट दुसरे काय, आणि मला तिचा रागही आला. माझ्या मागे मॅडम येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“अधिकाऱ्याने विचारल्यावर विक्रेतीने उत्तर दिलं नाही,” त्या शांतपणे म्हणाल्या. “नोंद घ्या, प्लासीद.”

“मॅडम, ती माझी...”

“नोंद घ्या.”

तक्रारवहीत तिसरी तक्रार माझ्या अक्षरात आहे. लिहिताना माझा हात कापत होता असे सांगायला मला आवडले असते. पण कापत नव्हता. पेन नवीन होते आणि ओळ सरळ आली. शेवटचा पूर्णविराम देताना लक्षात आले की मी तिला बोंजू म्हणालोच नव्हतो.

सोमवारी मी कायम झालो. मंगळवारी नेनेनची टपरी मोर्न सेकवर गेली. कढई फुल्जांसने डोक्यावरून वाहून नेली. नेनेनने त्याला सबंध वाटभर गोष्टी सांगितल्या म्हणे. माझे नाव त्यात एकदाही आले नाही.

मोर्न सेक अभिवादन क्षेत्राच्या बाहेर आहे हे मॅडमच्या लक्षात यायला महिना लागला. लोकांच्या लक्षात त्याच दिवशी आले. आधी फुल्जांस गस्त घालायला म्हणून चढला. मग टॅक्सीवाले. मग ओनोरेची बायको, दम लागून थांबत थांबत. वर जायचे, नेनेनला बोंजू म्हणायचे, तिच्याकडून बोंजू घ्यायचे, रांगेत पुढच्याला मागच्याला म्हणायचे, पोटभर एकमेकांचे गुडघे विचारायचे आणि खाली उतरून पुन्हा तोंड मिटायचे. भजी रोज दुपारच्या आत संपू लागली. शेवटी पाहुणेही चढू लागले. तेव्हा मॅडमनी पुस्तिकेची नवी आवृत्ती काढली. नवव्या पानावरची माझी ओळ गेली, त्या जागी आले: ‘मोर्न सेक. येथे अस्सल बोंजू मिळते. चढण पंचेचाळीस मिनिटे. टोपी न्यावी.’ हेही मीच लिहिले. आता मी कायम होतो, न लिहून सांगतो कोणाला?

दोन महिने मी वर गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार? पण खरे सांगतो, बेटावर मला कोणी विचारत नव्हते याचे मला काही वाटत नव्हते. नेनेन माझ्याशी बोलत नव्हती याने जीव कासावीस व्हायचा. आज रविवारी प्रार्थना झाल्यावर मी निघालो. चढताना शब्द घोकत होतो. आठ महिन्यांत मी तोंडाने एकदाही बोंजू म्हटले नव्हते, सगळे शिक्क्यानेच म्हटले होते. घशात पहिल्यांदा नुसती हवा आली. अर्ध्या वाटेवर आवाज फुटला.

वर लांबलचक रांग होती. माझ्यापुढे बावीस माणसे. नेनेनचा आवाज ऐकू येत होता: “बोंजू, पोरी, आईचा खोकला गेला का गं?” मला रडूच आले. पुढच्या बाईने मागे वळून मला बोंजू म्हटले, मी मान हलवली, माझी मनातली उजळणी मोडायला नको म्हणून. एकेक माणूस सरकत गेले. माझा नंबर आला.

नेनेनने झारा बाजूला ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. समुद्राकडे नाही, माझ्याकडे. हात एप्रनला पुसले आणि थांबली. तिच्या तोंडावर राग नव्हता. नुसती वाट बघत होती.

मी तोंड उघडले. आणि माझा हात, माझे काहीएक न ऐकता, खिशात गेला, आणि त्याने एक पिवळी पावती काढून तिच्यापुढे धरली. शिक्का मारलेली, आजच्या तारखेची, सकाळी मीच मला दिलेली.

नेनेनने समुद्राकडे तोंड फिरवले.

मी रांगेच्या शेवटी येऊन उभा राहिलो आहे. खुलासा इथेच उभ्या उभ्या लिहिला. नंबर पुन्हा येईल, ती पुन्हा थांबेल, तेवढी ती आहे. तुम्ही माझ्या मागे उभे राहा, आणि ढकलू नका. पहिल्या ओळीपासून मी तुम्हांला बघतो आहे. माझी नेनेन, माझी नोकरी, माझी फजिती, सगळी माहिती बसल्या जागी काढून घेतलीत, आणि बोंजू एकदाही म्हणाला नाहीत. माझ्या जागी नेनेन असती तर तिने तुम्हांला पहिल्याच ओळीला समुद्र दाखवला असता. मी पडलो सरकारी माणूस, म्हणून शेवटपर्यंत उत्तर देत राहिलो.